मदरची बुचं

आबा,

काल कुसगावच्या एका गॅरेजात मी एका मिस्त्रीला चार लोकांसमोर झापलं. तुम्ही असतात तर मान खाली घालून म्हणाला असतात, "गप की गं." भाच्याच्या लहानशा मोटारसायकलवर मागे बसून मी कामशेतहून परत येत होते. या वयात मागे बसू नये असं सगळे सांगतात, म्हणून बसते. चढ लागला तसं इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली. मग तो वास आला. जळका, नाकात शिरून बसणारा. मी भाच्याला म्हटलं, थांबव, क्लच घसरतोय. त्याला वाटलं म्हातारी घाबरली. पुढच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं गाडीकडे बघितलं न बघितलं आणि निकाल दिला, "प्लेटा गेल्या. इंजिन खोलावं लागेल." मी म्हटलं, "आधी क्लचची वायर बघ." तो म्हणाला, "आजी, तुम्ही सावलीत बसा, चहा सांगतो." मी म्हटलं, "चहा तूच घे, डोळे उघडतील. लिव्हर हातात धरून बघ. दाणाभर तरी मोकळीक आहे का त्याला?" नव्हती. वायर तारेवरच्या धोतरासारखी ताणलेली होती. त्यानं नट दोन आटे ढिला केला आणि भाचा चढावर एक फेरी मारून आला. गाडी नीट चढली. मिस्त्री जरा ओशाळला आणि म्हणाला, "आजी, कुणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं, "वडिलांनी." तो म्हणाला, "मोठे मिस्त्री असणार."

आबा, इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी मोठे मिस्त्री म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. घरी आले आणि जेवले नाही. वाटलं, आता लिहावं. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्ही आहातही कुठे, पण मला भांडायचं आहे आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस तुम्हीच आहात.

तुम्ही भाताची जमीन भावाच्या हवाली करून मोटारीच्या मागे लागलात, याचं गावाला फार नवल होतं. एका शेठच्या ड्रायव्हरच्या हाताखाली तुम्ही गाड्या पुसल्या, मग खोलल्या, मग लोणावळ्यात मोठ्या रस्त्याला पत्र्याचं दुकान टाकलंत. घाट चढून दमलेल्या मोटारी तुमच्या दारात येऊन वाफ सोडत उभ्या राहायच्या. कॉन्व्हेंटची जुनी मोटार तुम्ही चालती ठेवायचात आणि त्या बदल्यात मदरनं मला शाळेत घेतलं होतं. म्हणून मिस्त्रीची पोर इंग्रजी बोलायला लागली. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "आमची पोरगी साहेबाशी साहेबावानी बोलती." मला तेव्हा त्याचा राग यायचा. मला कशाचाही राग यायचा.

तुमची रीत मला अजून पाठ आहे. गिअर पडताना करकर वाजतो, पहिल्यात टाकला की गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही, अशी तक्रार आली की तुम्ही पान्याला हातच लावायचा नाहीत. गाडी स्टँडवर घ्यायची, लिव्हर दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, डोळे मिटून. "आदी वायर, मग प्लेटा, आन गिअरची पेटी लय शेवटी. पेटी खोलायची घाई करनारा मिस्त्री न्हवं, कसाई. दोस बहुतेक येळा हाताजवळच आसतो." वायर सुकली असेल तर कागदाची पुंगळी करून वरून थेंब थेंब तेल सोडायचं. आणि शेवटी दाणा. आई सुपात तांदूळ निवडत बसलेली असायची. तुम्ही काळे हात धुऊन यायचात आणि तिच्या सुपातून आंबेमोहोराचा एक दाणा उचलायचात. तो लिव्हरच्या बुडाशी, जिथे लिव्हर बसतो त्या फटीत, आडवा धरायचा. मी सात-आठ वर्षांची असताना माझं बोट धरून तुम्ही तो माझ्याकडून ठेववला होतात. "सुटून पडला तर ढिलं. चिरडला तर तंग. बसला तर बरूबर." मी विचारलं, एवढं मोकळं कशाला ठेवायचं? तुम्ही म्हणालात, "हात सोडला तरी वायर वढल्याली ऱ्हायली, तर प्लेटा धड धरत न्हाईत. सपाटीवर कळत बी न्हाई. चढावर घसरत्यात आन जळत्यात." हे सगळं मी मुद्दाम नीट लिहिते आहे. का ते पुढे येईल.

महायुद्धाची वर्षं. पेट्रोल कुपनावर, सुटे भाग बोटीतून येणार होते ते येतच नव्हते. कामशेतचे डॉक्टर त्यांची लहान मोटारसायकल तुमच्याकडे आणायचे. टाकीच्या बाजूला गिअरचा दांडा, हातानं पुढेमागे करायचा, तीन गिअर. त्या गाडीवर ते पवनेच्या अंगाला, बेडशाकडे, डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतिणी आणि तापकरी बघत हिंडायचे. क्लचच्या प्लेटांना गोल भोकं असायची आणि त्यात बुचाच्या चकत्या बसवलेल्या. त्या झिजल्या, जळल्या की क्लच घसरायचा. नव्या चकत्या मिळेनात तेव्हा तुम्ही डोकं चालवलंत. लोणावळ्यात बंगले कमी नव्हते आणि बंगल्यांत बाटल्या कमी नव्हत्या. बाटल्यांची बुचं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण बंगल्याच्या मडमेशी बोलणार कोण?

बुचं आधी उकळावी लागत. आईच्या भाताच्या पातेल्यात. मी शाळेतून आले की चुलीवर ती तरंगताना दिसायची आणि घरभर आंबूस वास. आई म्हणायची, "माझ्या भाताच्या पातेल्यात दारूची बुचं! उद्या यातलाच भात वाढते तुम्हाला, बसा डुलत." तुम्ही म्हणायचात, "उकाळल्याबिगर मऊ व्हत न्हाईत. बाळंतिनीकडं जायाची गाडी हाय, पुन्य लागंल." आई म्हणायची, "पुण्य तुम्हाला आणि पातेलं मला." मग तुम्ही एकेका बुचाचे तीन काप करायचात, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात दाबून भोकात बसवायचात आणि फरशीवर पॉलिशकागद पसरून प्लेट गोल गोल घासत राहायचात, सगळी बुचं एका पातळीत येईपर्यंत. एखादं केसभर वर राहिलं तरी तुमच्या तळव्याला कळायचं. मला तुमची मान आठवते त्या कामातली. दुसऱ्या कुठल्याच कामात ती एवढी वाकत नसे.

आणि मग ते दप्तर. बंगल्यावरून थेट शाळेत गेले होते, दप्तरात नऊ बुचं. वर्गात वास सुटला. सिस्टरनं दप्तर उघडलं आणि मला कानाला धरून मदरच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलावणं. तुम्ही धुतलेलं धोतर, काळा कोट, टोपी घालून आलात, काखेत फडक्याची गुंडाळी. मी तुमच्या आणि मदरच्या मध्ये उभी, दुभाषी. मदर म्हणाली, "विचार तुझ्या वडिलांना, घरी आठवड्याला किती बाटल्या लागतात." मी रागानं लाल होऊन शब्दन् शब्द तसाच सांगितला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सांग त्यास्नी, बाटल्या न्हाई लागत. बुचं लागत्यात. एका प्लेटीला अठरा चकत्या." आणि फडकं सोडून क्लचची प्लेट मदरच्या टेबलावर ठेवलीत, तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी. मदरनं चष्मा घातला. अंगठ्यानं एक बूच दाबून बघितलं. गाडी कुणाची, कुठे जाते, सगळं विचारलं. मी सांगत गेले. मग चष्मा काढून मला म्हणाली, "चॅपलच्या वाईनच्या बाटल्यांची बुचं चालतील का, विचार." तुम्ही टोपी काढलीत. "चालत्याल? लय बेस चालत्याल. द्येवाघरचं बूच."

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटी मदर मला एक लहानसं पाकीट द्यायची. आत तीन-चार बुचं, वर इंग्रजीत तिच्या बारीक अक्षरात, 'डॉक्टरांच्या गाडीसाठी'. ती तुम्ही दुसऱ्या कुठल्या गाडीला वापरली नाहीत. वेगळ्या डबीत ठेवायचात. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचात, "ही मदरची बुचं." लोक हसायचे. तुम्हालाही हसू यायचं, पण डबी तुम्ही सगळ्यांच्या वर, फळीवर ठेवायचात.

आता ते लिहिते. डॉक्टरांचा कंपाउंडर गाडी न्यायला यायचा, तोंडात पान, जिभेला हाड नाही. एकदा लिव्हर हलवून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, पोरीला घातलीत कॉन्व्हेंटात, आणि तुमचा लिव्हर बघा, म्हातारीच्या दातासारखा हलतोय." समोरच्या हॉटेलातले लोक खो खो हसले. तुम्हीही हसलात. मी नाही हसले. शाळेत आमचं सगळं ताठ असायचं. चादरीला सुरकुती चालत नसे, वेणी सैल चालत नसे, टाका ढिला पडला तर अख्खी शिवण उसवून परत घालायला लावत. त्या लिव्हरचं खुळखुळणं मला आपल्या घराचं खुळखुळणं वाटलं. पुढच्या खेपेला गाडी तयार होऊन दारात उभी होती. नवी बुचं, मदरची. तुम्ही दाणा लावून बघितलात आणि आत जेवायला गेलात. मी फडकं घेऊन गाडी पुसत होते. लिव्हरला हात लागला, तो हलला, आणि मी लहान पाना घेऊन नट फिरवला. एक, दोन, तीन आटे. लिव्हर घट्ट झाला. मी सोळा वर्षांची होते. दाण्याचं मला माहीत होतं, वर लिहिलंच आहे. माहीत असून फिरवला, कारण मला तो माणूस परत हसायला नको होता. तो आला, लिव्हर हलवून म्हणाला, "वा! आज कसं बंदोबस्तात आहे." तुम्ही हात धुऊन बाहेर येईपर्यंत तो किक मारून निघालाही होता. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, मी बगूनच ठिवली व्हती." आणि मी खूश होते, आबा. संध्याकाळपर्यंत खूश होते.

चौथ्या दिवशी बेडशाच्या वरच्या एका वाडीतून डॉक्टरांना बोलावणं आलं. बाई दोन दिवस अडली होती. चढाला लागल्यावर गाडी घसरली, जळाली, उभी राहिली. डॉक्टर बॅग घेऊन उरलेला डोंगर पायी चढले. ते पोचले तेव्हा पोर होतं, बाई नव्हती. आधी पोचले असते तर ती वाचली असती का, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

गाडी बैलगाडीत घालून दुकानाशी आणली. डॉक्टर स्वतः बरोबर आले होते, पायांवर अजून डोंगराची माती. त्यांनी आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "दारूच्या बुचांवर माणसांचे जीव टांगले मी. चूक माझीच आहे, मिस्त्री. तुम्हाला काय बोलू?" समोरच्या हॉटेलातले लोक उठून दारात आले होते. तुम्ही म्हणालात, "व्हय सायेब. माजाच हात चुकला." मी दाराच्या आत उभी होते, हातात इंग्रजीचं पुस्तक. मदरच्या खोलीत तुमच्या वतीनं एवढं बोलले होते. इथे 'मी नट फिरवला' एवढे तीन शब्द पुरे होते, आणि डॉक्टरांना तर मराठीतच कळले असते. ते मला ओळखत होते, माझ्या इंग्रजीचं कौतुक करायचे. मी उभी राहिले.

ते गेल्यावर तुम्ही गाडीशी बसलात. आधी वायर, तुमच्या रीतीनं. नटाच्या खाली तीन आटे नवे चकचकीत दिसत होते, ज्यांना इतकी वर्षं हवा लागली नव्हती. मला दारातून दिसले, म्हणजे तुम्हाला दिसलेच. तुम्ही त्यांच्याकडे किती वेळ बघत होतात! मग नट होता तिथे परत फिरवलात, कोटाच्या खिशातून दाणा काढून फटीत धरलात, आणि प्लेटा खोलल्यात. सगळी बुचं काळी ठिक्कर. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. त्या दिवशी नाही, त्या रात्री जेवताना नाही. दोन दिवसांनी दुसरी एक गाडी तयार झाली तेव्हा मला हाक मारलीत, "हितं ये. बग गं हाताला कसं लागतंय." आणि पुढे प्रत्येक गाडी दारातून जाण्याआधी लिव्हर मला बघायला लावलात. दाणा मी ठेवायचा, तुम्ही नुसतं बाजूला उभं राहायचं.

यावर माझं भांडण आहे. ओरडायला काय झालं होतं तुम्हाला? कॉन्व्हेंटमध्ये निदान हिशोब सरळ होता, चूक केली की गुडघ्यावर बसायचं, उठायचं, मोकळं व्हायचं. एक थोबाडीत मारली असतीत तर मी रडून सगळं बोलले असते. तुम्ही काय केलंत, तर माझ्या हातात दाणा दिलात. मला शिक्षा करत होतात की विश्वास टाकत होतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि त्याचा मला संताप आहे. बापानं पोरीला असं अधांतरी ठेवू नये.

महिन्याभरानं त्या बाईचा नवरा आला. डोंगरातला माणूस, लंगोटीवर घोंगडी, दुकानात शिरायलाही कचरत होता. म्हणाला, "भाऊ, डाक्टर तुमास्नी लय बोलले आसं आयकलं. तुमी मनाला लावून घेऊ नगा. तिची येळ भरली व्हती. पोर ब्येस हाय." तुम्ही त्याला चहा दिलात. तो प्यायला. तुमचा कप भरलेला तसाच राहिला, आणि आईनं तो उचलून नेला.

बाजारानं मात्र सोडलं नाही. तुमच्या बुचांवर ज्यांच्या गाड्या चालल्या होत्या तेच म्हणायला लागले, "बूचमिस्त्रीकडं नको." नाव पडलं ते पडलं. मोटारी पुढच्या दुकानात जायला लागल्या. तुम्ही स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत बसलात, आणि त्या हातांना स्टोव्हची पिन शोभत नव्हती. डॉक्टर परत आले नाहीत. मदरची डबी फळीवर होती, रिकामी. महिना संपला की तुम्ही विचारायचात, सहज विचारल्यासारखं, पिनेवरची नजर न काढता, "मदरनं काय धाडलं न्हाई का गं?" मी म्हणायचे, "नाही." तुम्ही म्हणायचात, "बरूबर हाय त्यांचं." चार महिने विचारलंत. मग विचारणं सोडलंत.

शाळा संपली आणि मला पुण्याला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी लागली. जन्मभर लोकांचं बोलणं लोकांना जोडून दिलं. तुम्ही दुसऱ्याच थंडीत छातीच्या तापानं गेलात. मी स्टेशनवरून धावत आले, तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं आणि कुणीतरी तुमचे हात घासून स्वच्छ केले होते. मला ते ओळखू आले नाहीत. खांदा द्यायला बाजारातले सहा-सात जण आले होते. त्यांतला एक परतताना म्हणाला, "माणूस चांगला होता, पण बुचांनी घात केला." मी तेव्हाही दारातच उभी होते.

काल रात्री नाही, आज सकाळी, उजेडात, मी माझी ट्रंक उघडली. तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. हे कागद मी त्यातच ठेवणार आहे, दुसरीकडे टाकण्यासारखे ते नाहीत. त्या डब्यात चार पाकिटं आहेत, चारही चिकटवलेली, एकही उघडलेलं नाही. वरची शाई तपकिरी झाली आहे पण वाचता येते. तुम्हाला वाचता आली नसती, मीच वाचून दाखवली असती, 'डॉक्टरांच्या गाडीसाठी'. हलवलं की आत बुचं वाजतात, खड्यासारखी, इतकी सुकलीत. गाडी जळाल्याचं, बाई गेल्याचं, सगळं मदरनं ऐकलं होतं. पहिलं पाकीट माझ्या हातात देताना ती म्हणाली होती, वडिलांना सांग, मी अजून पाठवणार आहे. ते मी घरी आणलं आणि तुम्ही दारात बसला होतात, आणि मला कळलं की हे तुमच्या हातात ठेवलं तर तुमचा चेहरा उजळेल, आणि तो उजळलेला चेहरा बघून मला नटाचं सांगावं लागेल. म्हणून दप्तरात राहू दिलं. मग दुसरं आलं, ते दिलं असतं तर पहिल्याचं विचारलं असतंत.

बरोबर नव्हतं, आबा. तुम्ही 'बरूबर हाय त्यांचं' म्हणालात, ते बरोबर नव्हतं. मदरनं बुचं पाठवली होती.